कार्ल्याचा उतार आणि अकरा नावे

मी धंद्याने सुतार. पिंपरीच्या वस्तीत पत्र्याची एक शेड आहे, तिथे कपाट, दिवाण, दार-चौकट अशी कामे करतो. कधी बांधकामाच्या साइटवर रोजाने जातो. लेखक नाही. पण दोन वर्षांपूर्वी जे घडले ते घरोघरी वाचले जावे असे आमच्या गुरुजींनी सांगितले, म्हणून पेन्सिल कानावरून काढून कागदावर टेकवली आहे. चुकले-माकले तर वाचक बंधू-भगिनींनी सांभाळून घ्यावे.

आमचा सहा जणांचा सायकलचा गट आहे. गट म्हणजे फार मोठे काही नाही. एक निवृत्त शिक्षक, त्यांना आम्ही गुरुजी म्हणतो. एक कारखान्यातला फिटर. एक घरांना रंग देणारा पेंटर. एक दवाखान्यातला वॉर्डबॉय, त्याला सगळी वस्ती डॉक्टर म्हणते आणि त्यालाही ते आवडते. कॉलेजात शिकणारा माझा भाचा, आणि मी. महिन्यातून एका रविवारी भाकरी बांधून निघायचे, काहीतरी पाहायचे आणि दिवस मावळायच्या आत घरी यायचे. भाच्याची सायकल गिअरची. बाकी सगळ्यांच्या जुन्या, काळ्या, दांड्याच्या.

२०२३ सालच्या फेब्रुवारीत ५ तारखेला माघ पौर्णिमा आणि रविवार एकत्र आले होते. गुरुजी म्हणाले, "यंदा कार्ले आणि भाजे दोन्ही करू. मिस्त्री, तुझ्या भाऊबंदाचं नाव आहे तिथं कोरलेलं. दाखवतो."

"माझा कोण भाऊबंद?"

"सुतार. दोन हजार वर्षांपूर्वीचा."

एवढे ऐकल्यावर मी कशाला मागे राहतो?

पहाटेचा रस्ता

पहाटे साडेपाचला निघालो. थंडी चांगलीच होती. निगडी मागे टाकून देहूरोडला आलो तेव्हा उजाडत होते. तिथल्या विहारापाशी सायकली लावल्या. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी याच ठिकाणी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. नागपूरच्या धम्मदीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षे आधीची ही गोष्ट. वंदन करून, दोन मिनिटे शांत बसून पुढे निघालो.

तिथून जुना मुंबई-पुणे रस्ता. सोमाटणे फाटा, तळेगाव, वडगाव मावळ. वडगावला पोहे आणि चहा घेतला. उजवी-डावीकडे मावळचे डोंगर दिसू लागले. कान्हे फाटा गेला, कामशेत आले. कामशेतच्या चढाला भाचा एकटा सायकलवर बसून चढला. आम्ही पाच जण सायकल हाताने ढकलत, धापा टाकत आणि त्याला शिव्या घालत मागून गेलो. साडेनऊच्या सुमाराला कार्ला फाट्यावर पोहोचलो. पिंपरीपासून चाळीसेक किलोमीटर झाले असतील.

फाट्यावरून डोंगराच्या पायथ्यापर्यंत रस्ता सोपा. पुढे गाड्या लावायच्या जागेपर्यंत खडा चढ. तोही ढकलत चढलो. वर सायकलींना साखळी घातली आणि पायऱ्या धरल्या. एकवीरा आईच्या दर्शनाला आलेल्यांची गर्दी होती. मुंबई, ठाणे, रायगडकडची कोळी आणि आगरी मंडळी इथे मोठ्या संख्येने येतात. देऊळ अगदी चैत्याच्या तोंडाशी आहे. देवळाकडची रांग सोडून आम्ही लेण्याचे तिकीट काढले.

वढकी सामी

आत पाऊल टाकले आणि मी गप्प झालो. एकशेचोवीस फूट लांबीचे ते चैत्यगृह, आपल्या देशातले डोंगरात कोरलेले सर्वांत मोठे. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब, त्यांच्या माथ्यावर हत्ती आणि त्यांच्यावर बसलेल्या जोड्या. टोकाला स्तूप, स्तूपावर लाकडी छत्र. स्तूपाच्या मागे सात साधे अठपैलू खांब. पण मी सुतार, माझी नजर वर गेली. छताला लाकडाच्या कमानी! सागवानी आहेत असे सांगतात. दोन हजार वर्षे त्या तिथे आहेत. आम्ही प्लायवूडची दहा वर्षांची हमी देताना अडखळतो.

गुरुजींनी मला दाराशी नेले. तिथे ब्राह्मी लिपीत लेख कोरलेले आहेत. भाषा प्राकृत. गुरुजींनी वहीत उतरवून आणलेला अर्थ वाचून दाखवला. धेनुकाकट गावच्या, वेणुवासाचा मुलगा सामी याने हे दार घडवले. त्याचा धंदा लिहिला आहे, वढकी. वढकी म्हणजे सुतार. विदर्भात आजही सुताराला वाढई म्हणतात, तोच शब्द. शेजारी धेनुकाकटाच्याच सिंहदत्त नावाच्या गांधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याने, दारासाठी दान दिल्याचा लेख आहे. वैजयंतीहून आलेल्या भूतपाल श्रेष्ठीचा लेख तर मोठा अभिमानाचा. जंबुद्वीपात यापरते उत्तम शैलगृह नाही असे तो सांगतो.

"आणि हे खांब बघ," गुरुजी म्हणाले. "एकट्या राजानं बांधलेलं नाही हे. कितीतरी खांब वेगवेगळ्या माणसांनी दिलेत. कुणी यवन, कुणी व्यापारी. अमक्याने खांब दिला, एवढंच लिहिलंय. किती खर्च आला ते कुठंच नाही."

मी सामीच्या दाराच्या कडेवरून हात फिरवणार होतो, पण पहारेकऱ्याने हटकले. बरोबरच होते त्याचे. दोन हजार वर्षांत प्रत्येक सुताराने हात फिरवला असता तर दार उरले असते का?

उतार

साडेअकराला खाली निघालो. आता भाजे लेणी पाहायची, तिथेच भाकरी खायची असे ठरले होते. सायकली सोडल्या तेव्हा गुरुजींनी सांगितले, "उतार वाईट आहे. हातात धरून उतरू."

सगळ्यांनी ऐकले. मी नाही ऐकले. चढताना सगळ्यांच्या मागे राहिलो होतो, त्याची भरपाई उतारावर करायची होती. चाळिशी उलटलेल्या माणसाच्या अंगात असे पोरपण कुठून येते कोण जाणे.

इथे एक कबुली द्यायला हवी. माझ्या सायकलच्या मागच्या ब्रेकचे रबर महिन्यापासून झिजलेले होते. जगाची दारे-खिडक्या दुरुस्त करणारा मी, चार पैशांचे रबर बदलायला मला वेळ नव्हता. उतारावर वेग वाढला तसा मागचा ब्रेक दाबला, तो नुसता घासला. समोर वळण, वळणावर बारीक वाळू. घाबरून पुढचा ब्रेक करकचून आवळला. पुढचे चाक जागीच अडकले, वाळूवरून घसरले आणि मी उजव्या खांद्यावर आपटलो.

आवाज झाला. कोरडी फळी मोडल्यासारखा. लाकडाचा आवाज मी ओळखतो, त्यामुळे हा आवाज कशाचा तेही लगेच कळले.

वॉर्डबॉय सायकल टाकून धावत आला. भाच्याने माझा हात धरून उठवायला घेतले, तर हा ओरडला, "हात लावू नको! ओढू नको!" आधी त्याने मला माझे नाव विचारले, आज वार कोणता विचारले. डोके आपटले आहे का पाहिले. मान दुखते का विचारले. मग बोटे हलवायला लावली, बोटांना मुंग्या येतात का विचारले, मनगटाची नाडी पाहिली. माझ्या गळ्याखालचे आडवे हाड, हासळी म्हणतात ते, मधोमध वर आले होते.

"हासळी गेली," तो म्हणाला. "नाडी चांगली आहे, बोटं चालतायत. घाबरू नका."

पेंटरच्या गळ्यात मोठा निळा रुमाल होता. वॉर्डबॉयने त्याची तिकोनी घडी केली, माझा हात कोपरात वाकवून छातीशी घेतला आणि झोळी बांधली. दुसऱ्या पंचाने तो हात अंगाशी धरून ठेवला. तेवढ्याने निम्मी कळ उतरली.

गुरुजींनी १०८ ला फोन लावला. आपल्या राज्यात २०१४ पासून ही रुग्णवाहिका फुकट मिळते. गाडी यायला अर्धा तास लागला. तेवढ्यात दर्शनाहून उतरणारे एक कोळी कुटुंब थांबले. त्यांच्यातल्या एका मावशींनी थंड पाण्याच्या पेटीतला बर्फ फडक्यात बांधून दिला. "खांद्याला लाव रे बाला, सूज धरेल," म्हणाल्या. त्यांच्याबरोबरचा एक माणूस मात्र मागे ओढत होता, "चला, उगाच पोलिसांची भानगड नको." गुरुजींनी त्याला शांतपणे सांगितले की मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आहे, १३४-अ हे कलम आले आहे, रस्त्यावर मोटार अपघातात सापडलेल्याला मदत करणाऱ्याला आता नाव सांगायची सक्ती करता येत नाही. इथे तर सायकल पडली आहे, दुसरे वाहनच नाही. मग तोच माणूस माझ्या डोक्यावर छत्री धरून उभा राहिला.

मी गुरुजींना म्हणालो, "तुम्ही भाजे करून या. माझ्यापायी सगळ्यांचा दिवस नको."

फिटर म्हणाला, "मिस्त्री, भाजे बावीसशे वर्षं तिथंच आहे. महिन्या-दोन महिन्यांत कुठं जात नाही."

वॉर्डबॉय माझ्याबरोबर गाडीत बसला. फिटरने माझी सायकल उचलली, पुढचे चाक आउट झाले होते. कामशेतच्या एका भाजीवाल्याने रिकाम्या परत चाललेल्या टेंपोत ती घातली आणि भाडे घेतले नाही. घरी फोन गुरुजींनी केला. मी आधीच सांगितले होते, घाबरवू नका. त्यांनी सांगितले, "मिस्त्री शुद्धीवर आहे, बोलतोय, हाड मोडलंय, जोडलं जाईल." आमच्या मंडळींनी एवढेच विचारले, "उजवा का डावा?"

सुताराच्या बायकोला पहिला प्रश्न हाच सुचणार.

घरात बसलेला सुतार

एक्स-रे निघाला. हासळी मोडलेली, पण ऑपरेशनची गरज नाही असे डॉक्टर म्हणाले. सहा आठवडे हात झोळीत, त्यापुढेही दोनेक महिने ओझे उचलायचे नाही. डॉक्टरांनी हे सहज सांगितले. मी मनात हिशेब करत होतो.

त्या वेळी माझ्याकडे एक काम होते. एका गृहस्थांची दोन कपाटे आणि एक दिवाण. २२ मार्चला गुढीपाडवा, त्या दिवशी ते नव्या घरात जाणार होते. पंधरा हजार रुपये उचल घेतलेली. त्यातले काही प्लायवूडमध्ये गेले होते, बाकीचे मुलीच्या नर्सिंग कॉलेजच्या फीमध्ये. काम झाले नाही तर उचल परत करायची, आणि परत करायला काही नव्हते. मुलीच्या कानावर हे पडले तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मी एक वर्ष थांबते." त्या शब्दाने जी कळ आली ती हाडाच्या कळेपेक्षा मोठी होती.

बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात माझी नोंदणी पूर्वी होती, पण नूतनीकरण केले नव्हते. फिटरला कारखान्यामुळे राज्य विम्याचे कार्ड आहे. तो आजारी पडला तर अटी पुऱ्या असल्यास वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळतात. माझ्यासारख्या सुट्या कारागिराला तसे काही नाही. हात चालला तर चूल चालते.

चौथ्या दिवशी संध्याकाळी सगळे घरी आले. चहा झाला. गुरुजींनी एक पाकीट पुढे ठेवले. मी ते परत सरकवले.

"मला भीक नको," मी म्हणालो. आज लिहिताना लाज वाटते, पण म्हणालो खरे.

कोणी बोलेना. पेंटर जमिनीकडे पाहत राहिला. तेव्हा आतून आमच्या मंडळी आल्या आणि पदर खोचून उभ्या राहिल्या.

"चार दिवस झाले, झोपेतसुद्धा त्या लेण्याचंच सांगताय. एकेका माणसानं एकेक खांब दिला म्हणून. ज्यांनी खांब घेतले त्या भिक्खूंना कुणी भिकारी म्हटलं का? आणि गेल्या साली भाऊजींची आई गेली तेव्हा तुम्ही मध्यरात्री तिरडीचे बांबू तासत बसला होता, ते काय त्यांना भीक घातली होती?"

भाऊजी म्हणजे पेंटर. त्याने मान वर केली, डोळे भरले होते. मी पाकीट घेतले.

पाकिटात नोटांबरोबर एक कागद होता. त्यावर अकरा नावे. आमच्या गटाची, वस्तीतल्या आणखी काहींची. नावापुढे आकडा नव्हता.

"गुरुजी, कोणी किती दिले ते लिहिले नाही. फेडू कसे?"

"म्हणूनच लिहिलं नाही," गुरुजी म्हणाले.

दोन सूत आणि दोन मिलिमीटर

पण खरा प्रश्न कामाचा होता. तो फिटरने सोडवला. म्हणाला, "तुझं तोंड मोडलंय का? नाही ना. मग तू सांग, आम्ही करतो."

दुसऱ्या दिवसापासून शेडमध्ये रोज संध्याकाळी सहा ते नऊ काम सुरू झाले. मी झोळीत हात घालून स्टुलावर बसायचो. फिटर कारखान्यातून थेट यायचा, भाचा कॉलेजातून. पेंटरने पॉलिशचे काम आपल्याकडे घेतले, ते त्याच्या हातातलेच होते. वॉर्डबॉयची पाळी असेल तसा तो यायचा आणि प्लाय धरायचा. गुरुजींकडे घासकागद दिला होता. सत्तरीच्या जवळचे गुरुजी चष्म्यावर भुसा घेऊन तासन् तास फळ्या घासत.

भांडणेही झाली. फिटरला मी म्हणालो, "खणाला दोन सूत मोकळं सोड." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे आमच्या धंद्यात पोराटोरांना ठाऊक. फिटर मिलिमीटरवाला. त्याने दोन मिलिमीटर सोडले. सहाच्या सहा खण आत जाईनात. मी चिडलो, तो चिडला, "लोखंडात दोन मिलिमीटर म्हणजे मैदान असतं," म्हणाला. लाकूड पावसात फुगते हे त्याला समजावताना मला पहिल्यांदा जाणवले की मी जे हाताने करतो ते मला शब्दांत सांगता येते. त्या रात्री सगळे खण रंध्याने पुन्हा तासले. माझी मुलगी कंदिलासारखा मोबाइल धरून उभी होती. तिला विचारले, "अभ्यास?" म्हणाली, "हासळीचं हाड कसं जुळतं तोच धडा वाचतेय, तुमच्याकडे बघून."

१९ मार्चला काम पुरे झाले. माझ्या हातचे असते तर आणखी सफाई आली असती, हे खोटे कशाला सांगू? गृहस्थांना मी खरे ते सांगितले, कोणी केले आणि कसे केले. त्यांनी खण ओढून पाहिला, बंद केला, पुन्हा ओढला. म्हणाले, "चांगला सरकतो." बाकीचे पैसे त्यांनी त्याच दिवशी दिले. मुलीचे वर्ष वाचले.

राहिलेले भाजे

पुढच्या वर्षी, २०२४ च्या फेब्रुवारीत, आम्ही सहा जण पुन्हा निघालो. या वेळी दोन्ही ब्रेकचे रबर नवे. भाजे लेण्यांचे काम इ.स. पूर्व दुसऱ्या शतकात सुरू झाले, एकूण बावीस लेणी आहेत. तिथल्या चैत्याचे खांब सरळ नाहीत, आतल्या बाजूला किंचित कललेले आहेत. भाच्याने विचारले, "कोरताना चुकले का?"

या वेळी सांगायची पाळी माझी होती. चुकले नाहीत. कोरणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे लाकडाचे घर होते. लाकडी छताचा भार बाहेर रेटतो, म्हणून खांब आत कलते रोवायचे. दगडाला त्याची गरज नव्हती, पण हाताची सवय दगडातही उतरली. गुरुजींनी वही काढली आणि मी बोललेले लिहून घेतले. आयुष्यात पहिल्यांदा कोणा शिक्षकाने माझे वाक्य वहीत उतरवले.

तिथून जवळच चौदा स्तूप आहेत, पाच आत आणि नऊ बाहेर. त्यांतल्या काहींवर ज्या थेरांचे ते स्तूप, त्यांची नावे आहेत. अंपिकिणक, धम्मगिरी, संघदिन. त्यांच्यामागे राहिलेल्यांनी ती आठवणीने कोरून ठेवली.

उतारावर मी सायकल हातात धरली. कोणी सांगायची वाट पाहिली नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, सायकल काढाल तर आधी ब्रेक पाहा. खड्या उतारावर उतरून चाला. कोणी पडले तर ओढाताण करू नका, हात छातीशी बांधा, १०८ ला फोन करा. कामगार मंडळाची नोंदणी असेल तर तिचे नूतनीकरण चुकवू नका. मी माझे त्याच उन्हाळ्यात करून घेतले.

तो अकरा नावांचा कागद मी शेडमध्ये काचेत लावला आहे. २०२३ च्याच पावसाळ्यात पेंटरच्या घराचे पत्रे उडाले, तेव्हा गुरुजींनी पुन्हा कागद काढला. त्यावर पहिले नाव माझे होते, आणि नावापुढे आकडा नव्हता. पत्रे बसवायला वासे लागले, ते मी तासले. उजव्या हाताने.